खरखरनानांची सातवी ओळ

आमच्या कारखान्यातलं सगळ्यात भरवशाचं उपकरण म्हणजे नानांचं नाक. समोर नवा सर्किट बोर्ड आला की नाना खिशातून छोटा ट्रान्झिस्टर रेडिओ काढायचे, दोन स्टेशनांच्या मधल्या मोकळ्या जागेवर काटा आणायचे आणि रेडिओ बोर्डावरून हळूहळू फिरवायचे. बोर्ड चांगला असेल तर रेडिओ शांत राहायचा. वाईट असेल तर शिट्टी, गुरगुर, खरखर सुरू व्हायची आणि त्याच क्षणी नानांची उजवी नाकपुडी वर जायची. नासलेलं दूध तोंडात गेल्यासारखा चेहरा व्हायचा. "शी! हाई काय घान शे!" नाना मूळचे बागलाणातल्या सटाण्याचे. इतकी वर्षं नाशकात काढल्यावर त्यांचं बोलणं शहरी झालं होतं, पण किळस आली की जीभ थेट बागलाणात जायची.

जुळणीच्या टेबलावरच्या बायका त्यांना समोर नाना म्हणत आणि मागे खरखरनाना. त्यांना ते माहीत होतं. "खरखर मी करतो का? तुम्ही करता, मी फक्त ऐकवतो," असं ते लताबाईंना म्हणायचे. लताबाई आमच्या जुळणीच्या मुख्य. त्यांची सोल्डरचा डाग देण्याची सफाई नानांना पसंत होती, पण तसं त्यांनी कधी तोंडाने सांगितलं नाही. त्यांच्या बोर्डावर नाकपुडी जागची हलली नाही, म्हणजे कौतुक झालं.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आमचं लहानसं युनिट आहे. द्राक्षबागांना पाणी आणि खत सोडणारे कंट्रोलर आम्ही बनवतो. मी तिथे गुणवत्ता पाहते. माझा स्वभाव याद्यांचा आहे. घरच्या किराण्यापासून भाचीच्या लग्नापर्यंत सगळं मी ओळी पाडून लिहिते आणि झालं की खूण करते. कारखान्यातून कुठलाही कंट्रोलर बाहेर पडायचा तर माझ्या तपासणी-यादीच्या आठही ओळींवर खूण लागते. त्यातली सातवी ओळ नानांची होती. मी आधी तिथे 'विद्युतचुंबकीय उत्सर्जन समाधानकारक' असं लिहिलं होतं. नानांनी ते पेनाने खोडलं.

"यादीताई, हे वाचून कुणाला वास येणार आहे का?"

"मग काय लिहू?"

"लिहा, रेडिओ लावून ऐकले, घाण नाही. आणि पुढे माझ्या सहीला जागा सोडा."

तशीच ओळ छापली गेली.

विजेच्या घाणीबद्दल इतका कडक असलेला हा माणूस स्वतः मात्र भयंकर अस्वच्छ होता, हे मला सांगितलंच पाहिजे. त्यांच्या टेबलावर चहाच्या कपांची वर्तुळं एकमेकांत अडकून नकाशा झाला होता. तारा ते दातांनी सोलायचे. आणि तो रेडिओ ते एका मोज्यात ठेवायचे. मोजा एके काळी पांढरा असावा. मी कामावर लागले तेव्हा तो करडा होता, पुढे त्याला रंगच उरला नाही. मी दोनदा नवं कापडी पाकीट शिवून दिलं. दोन्ही वेळा त्यांनी ते कौतुकाने पाहिलं आणि त्यात सुपारी ठेवली. मोज्याला हात लागू नये म्हणून मी त्यांच्या टेबलाला वळसा घालून जायचे. "मोज्याची घाण साबणाने जाते," ते म्हणायचे. मग धुवा ना, असं म्हटलं की, "जाते हे माहीत असल्यावर घाई कशाला?"

कुठेही गेले तरी रेडिओ बरोबर. एकदा आम्ही कारखान्यातले सगळे त्र्यंबकेश्वरला गेलो होतो. रांगेच्या बाजूच्या दुकानात रंगीत दिव्यांच्या माळा लुकलुकत होत्या. नानांनी रांग सोडली, दुकानात जाऊन माळेला रेडिओ लावला. असा काही किंचाळला तो रेडिओ की दुकानदार दचकून उभा राहिला. "हे देवाच्या डोक्यावर बांधता?" नानांनी त्याला विचारलं. दुकानदार म्हणाला, "काका, घ्यायची तर घ्या, नाहीतर पुढे चला." नाना परत रांगेत आले आणि दर्शन होईपर्यंत त्यांची नाकपुडी खाली आली नाही.

माझ्या घरी चहाला आले तेव्हा मी नुकतेच सगळे दिवे बदलले होते. स्वस्तात मिळाले होते. नानांनी कप खाली ठेवला, रेडिओ वर धरला आणि माझ्याकडे पाहून नुसती मान हलवली. त्या खोलीत बसायला मला आठवडाभर नकोसं वाटलं. दिवे पुन्हा बदलले तेव्हाच बरं वाटलं.

ही घाण म्हणजे नेमकं काय, ते नानांनी मला पहिल्याच आठवड्यात समजावलं होतं. प्रत्येक यंत्राच्या पोटात एक घड्याळ असतं. काट्यांचं नाही, सेकंदाला कोट्यवधी ठोके देणारी बारीक चिप. त्या ठोक्यांवर सगळं यंत्र चालतं. पण ठोका पोहोचवणारी तार लांब असली, आडवीतिडवी फिरवली, खाली 'जमीन' म्हणतात तो तांब्याचा थर नीट नसला, की प्रत्येक ठोक्याचा थोडा भाग हवेत उडतो आणि शेजारच्या यंत्रांच्या कानात जातो. म्हणून सरकारी नियम आहे. प्रयोगशाळेत यंत्र ठेवून हवेतला आवाज मोजतात, आलेखावर एक रेघ असते, कुठलंही टोक त्या रेघेच्या वर जाता कामा नये.

आमच्या नव्या मॉडेलचं टोक वर गेलं.

नानांनी ते आधीच सांगितलं होतं. पहिला बोर्ड टेबलावर आला तेव्हाच रेडिओने स्वच्छ, टोकदार शिट्टी मारली होती. "घड्याळाची तार गावभर फिरून आलीय," ते म्हणाले. त्यांना तीन आठवडे हवे होते. चिप तारेच्या टोकाजवळ आणायची, वाटेत एक छोटा रोध, म्हणजे रेझिस्टर घालायचा, खालचा तांब्याचा थर जागोजाग शिवून घ्यायचा, बाहेर जाणाऱ्या केबलवर आवाज गिळणारी फेराइटची कडी चढवायची. पण छाटणीचा हंगाम तोंडावर होता. बागायतदारांना कंट्रोलर छाटणीच्या आधी हवे असतात. साहेबांनी, म्हणजे आमच्या उत्पादन-प्रमुखांनी, तसाच बोर्ड पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवला. तो नापास होऊन आला.

तीन दिवसांनी तोच बोर्ड पास झाला. बोर्डात काहीही बदललं नव्हतं. साहेबांनी घड्याळाच्या चिपमधली एक सोय चालू केली होती: स्प्रेड स्पेक्ट्रम. त्यात घड्याळ एका ठाम वेगाने न चालता किंचित पुढे-मागे झुलत राहतं. मग हवेत उडणारा आवाज एका जागी टोक काढत नाही, आजूबाजूला पातळ पसरतो. टोक रेघेच्या खाली येतं. एकूण आवाज तेवढाच राहतो.

साहेबांनी पेढे वाटले. नानांनी पेढा घेतला नाही. त्यांनी बोर्डावर रेडिओ धरला. शिट्टी गेली होती. तिच्या जागी एक चरबट, सगळीकडून येणारी खरखर होती. काटा कुठेही फिरवा, ती होतीच.

"नाना, जगभर वापरतात हे," साहेब म्हणाले.

"वापरतात. मीपण वापरलंय. घर झाडून झाल्यावर उरली धूळ थोडी पसरवली, माझी हरकत नाही. तुम्ही झाडू हातात न घेता पसरवली."

"रेघेच्या खाली आहे ना?"

"ढिगाची उंची मोजणारा माणूस येणार म्हणून कचरा अंगणभर पांगवून ठेवायचा. तो बिचारा पट्टी लावणार, ढीग नाही म्हणून लिहून जाणार. आणि मग त्याच अंगणात तुम्ही जेवायला बसणार." त्यांनी मोज्यात रेडिओ घातला. "आधी एक माणूस शिट्टी मारत होता. कुठं बसलाय ते कळत होतं. आता अख्खी वरात गुणगुणतेय. धरणार कुणाला?"

मी तिथेच उभी होते. पेढा माझ्या तोंडात होता. खरखर मलाही ऐकू आली. पण माझ्या डोक्यात त्या वेळी यादी होती. सहा ओळींवर खुणा झालेल्या, आठवी पॅकिंगची, आणि मधली सातवी रिकामी.

नानांनी सही केली नाही. दोन दिवस कंट्रोलरची खोकी दाराशी पडून राहिली. तिसऱ्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "अधिकृत प्रमाणपत्र आलेलं असताना आपण खिशातल्या रेडिओवर माल अडवतो, हे बाहेर कळलं तर लोक हसतील. फॉर्म सुटसुटीत करा." एवढंच. सातवी ओळ काढा असं त्यांनी म्हटलंसुद्धा नाही. ते मला कळेल, हे त्यांना माहीत होतं.

मी जागेवर येऊन फाइल उघडली. सातवी ओळ निवडली. पुसली. आठवी आपोआप सात झाली. नवा फॉर्म अगदी नीटनेटका दिसत होता. मला कुणी धमकावलं नव्हतं. मला फॉर्म नीटनेटका झाल्याचं समाधान झालं होतं.

नाना निवृत्तीनंतर वर्षाच्या करारावर येत होते आणि त्यांच्या कराराचं सगळं काम त्या एका ओळीत होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या टेबलावरचा नवा फॉर्म उचलला. बोट ठेवून एकेक ओळ वाचली, मुलांना शिकवतात तशी.

"यादीताई, सातवी कुठं गेली?"

"साहेबांनी सांगितलं, नाना."

"साहेबांनी सांगितलं. बोट कुणाचं होतं?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांची नाकपुडी वर गेली. रेडिओ खिशातच होता. त्या दिवशी पहिल्यांदा तो चेहरा एका माणसासाठी होता, आणि ते माणूस मी होते. ते टेबल न आवरता निघून गेले. कपांचा नकाशा तसाच राहिला. लताबाईंनी कुणाला तो पुसू दिला नाही.

छाटणी झाली आणि महिनाभरात दिंडोरीहून फोन सुरू झाले. भाऊसाहेब आमचे जुने गिऱ्हाईक, मोठे बागायतदार, स्वभावाने थट्टेखोर. "मॅडम, तुमचं नवं मशीन लय शिकलेलं हाय," ते म्हणाले. "येवढं शिकलेलं, का पान्याला हातच लावत नाय."

कंट्रोलर बागेतल्या व्हॉल्व्हना वायरलेसवरून हुकूम देतो, व्हॉल्व्ह उघडला की उलट उत्तर पाठवतो. उत्तर आलं नाही तर पाइप फुटू नये म्हणून पंप बंद करायचा, हे आम्हीच त्याला शिकवलेलं. जवळच्या व्हॉल्व्हची उत्तरं येत होती. नाल्याकडच्या, लांबच्या व्हॉल्व्हची येत नव्हती. आमच्या माणसांनी त्या टोकाच्या पेट्या बदलल्या. मग अँटेना बदलल्या. मग अँटेना बांबूवर चढवल्या. मग पेट्या पुन्हा बदलल्या. कंट्रोलरकडे कुणी पाहिलं नाही, कारण कंट्रोलरला प्रमाणपत्र होतं. माझ्या तक्रारींच्या यादीत 'व्हॉल्व्ह', 'अँटेना', 'बॅटरी' असे रकाने होते; 'कंट्रोलर' हा रकानाच नव्हता. कारखान्यात आम्ही संपर्क तपासला होता, पण तिथे व्हॉल्व्हची पेटी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला असते. एवढ्यावरून बहिऱ्यालाही ऐकू येतं.

तिसऱ्या खेपेला मी स्वतः गेले. छाटणीनंतर पाणी वेळेवर मिळालं नाही तर वेलीच्या काड्यांवरचे डोळे, म्हणजे कोंब, एकसारखे फुटत नाहीत. नाल्याकडच्या दोन प्लॉटमध्ये तेच झालं होतं. एका काडीवर वीतभर फूट, शेजारची काडी नुसतीच काठी. भाऊसाहेब या वेळी थट्टा करत नव्हते. ते म्हणाले, "मॅडम, तुमचं ते कागदाचं सर्टिफिकेट इथं मांडवावर टांगू का? फूट येईल का त्यानं?"

मी तिथून सरळ सिडकोत नानांच्या घरी गेले. दारातच माफी मागायला सुरुवात केली. त्यांनी हात वर केला. "ते मागून. आधी मशीन कुठं लावलंय ते सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना घेऊन दिंडोरीला गेले. पंपघराच्या भिंतीवर कंट्रोलर होता, त्याच्याच डोक्यावर अँटेना. नानांनी मोज्यातून रेडिओ काढला. खरखर. त्यांनी भाऊसाहेबांना विचारलं, "ही ऐकू येते?"

"येते की."

"तुमच्या नाल्याकडचा व्हॉल्व्ह बिचारा तिकडून बारीक आवाजात 'उघडलो, उघडलो' म्हणतोय. ह्याच्या कानात ही पेटलीय. स्वतःच्याच घाणीनं बहिरं झालंय हे." मग माझ्याकडे वळून, "पसरवणं बंद करा."

मी कंट्रोलरला लॅपटॉप जोडला, तो पर्याय बंद केला. चौकोनातली एक खूण काढली, बस. खरखर थांबली आणि जुनी टोकदार शिट्टी परत आली. ती आमच्या वायरलेसच्या पट्ट्याच्या शेजारी होती, पट्ट्यावर नव्हती. टोक होतं तेव्हा ते बाजूला उभं होतं. आम्ही ते पातळ करून नेमकं आपल्याच कानावर लिंपलं होतं. पडद्यावर नाल्याकडच्या एकोणीस नंबरच्या व्हॉल्व्हसमोर 'संपर्क नाही' होतं. ते गेलं. 'उघडा' आलं. पंप सुरू झाला आणि थोड्या वेळाने नाल्याकडून गड्याची हाक आली, "पानी आलंऽ!"

भाऊसाहेबांनी पडद्यावरच्या त्या रिकाम्या चौकोनावर बोट ठेवलं. "म्हंजे एका टिचकीसाठी माझे दोन प्लॉट तहानले?"

"हो," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? नाना तेवढ्यात रेडिओ मोज्यात कोंबत होते. त्यांनी माझी बाजू घेतली नाही, मला टोचलंही नाही.

परतीच्या वाटेवर ते एवढंच म्हणाले, "शिट्टी परत आलीय. शेजाऱ्याला त्रास होणारच. तशी सोडू नका. आता मुळाशी बंद करा."

केली. चिप जागची हलवली, रोध घातला, थर शिवला, केबलवर कडी चढवली. नानांनी मागितले होते तेवढेच तीन आठवडे लागले. पसरवण्याची सोय बंद ठेवून बोर्ड प्रयोगशाळेत गेला आणि पास झाला. विकलेले सगळे कंट्रोलर परत बोलावून बदलले. या खेपेला पेढे आले नाहीत. साहेब मला म्हणाले, "फॉर्ममध्ये ती ओळ घाला परत." मी ती आधीच घातली होती.

नवा बोर्ड आणि नवा फॉर्म घेऊन मी नानांकडे गेले. त्यांनी जेवणाच्या टेबलावर बोर्ड ठेवला, वीज दिली, रेडिओ फिरवला. काही नाही. त्यांनी आवाज पूर्ण वाढवला. तरी काही नाही. मी फॉर्म पुढे केला, पेन उघडून दिलं.

त्यांनी पेन घेतलं, झाकण लावलं आणि माझ्याच हातात परत ठेवलं. "ओळ तुम्ही काढली, तुम्हीच परत घातली. सहीपण आता तुम्हीच करायची."

"नाना, मला तुमच्यासारखं ऐकू येत नाही."

"ऐकू सगळ्यांनाच येतं, यादीताई. पेढे खाताना तुम्हाला आलं नव्हतं का? किळस यावी लागते."

ते पुन्हा कारखान्यात आले नाहीत. कराराचा कागद साहेबांनी दोनदा पाठवला, दोनदा तो चहाची वर्तुळं घेऊन परत आला. पुढे ते मुलाकडे सटाण्याला राहायला गेले. मी महिन्यातून एकदा फोन करायचे, शंका विचारायचे. ते उत्तर द्यायचे आणि शेवटी विचारायचे, "सातवी जागेवर आहे ना?"

नाना वारल्याचं मला लताबाईंकडून कळलं. मी सटाण्याला गेले. सुनेने पाणी दिलं, बसवलं. स्वयंपाकघराच्या फळीवर तो रेडिओ होता, आणि त्यावर गाणं लागलं होतं. इतक्या वर्षांत तो रेडिओ स्टेशनावर लावलेला मी पहिल्यांदा ऐकला. अंगणात दोरीवर कपडे वाळत होते. त्यात चिमट्याला एकच मोजा होता, धुतलेला. खरंच पांढरा होता तो. ज्या मोज्याला मी वर्षानुवर्षं वळसा घातला, तो असा स्वच्छ पाहून मला बघवेना. मी तोंड फिरवून बसले.

रेडिओ मागावा असं मला वाटलं नाही. नाशकात येऊन मेनरोडवरून मी माझा घेतला. माझा एका स्वच्छ कापडी पाकिटात असतो. मी शेवटी मीच.

आज माझ्या टेबलावर आणखी एक नवं मॉडेल आहे. प्रयोगशाळेत पास झालेलं. खोकी दाराशी लागली आहेत, साहेबांचा तिसरा फोन येऊन गेला. फॉर्मवर सहा खुणा आहेत. मी काटा दोन स्टेशनांच्या मध्ये आणला आणि रेडिओ बोर्डावरून फिरवला. पसरलेली, चरबट, ओळखीची खरखर.

मी सही केली नाही. फोन उचलून साहेबांना सांगितलं, "सातवी राहिलीय. माल जाणार नाही." फोन ठेवला तेव्हा लताबाई माझ्याकडे टक लावून बघत होत्या.

"काय झालं?" मी विचारलं.

त्यांनी स्वतःच्या नाकाला बोट लावलं. मी हात वर नेला. माझी उजवी नाकपुडी वर गेली होती.

"काही नाही, ताई," लताबाई म्हणाल्या. "मला वाटलं, नाना आले."